आकड्यासोबत भरतीची वेळ लिहायला शिकताना

ठाण्यातील एका पर्यावरण सल्लागार संस्थेत मी पाणी आणि जैवविविधता या दोन विषयांच्या अहवालांचे काम पाहते. प्रकल्पाच्या परिसरातील नमुने क्षेत्रीय सहायक आणतात, प्रयोगशाळा त्यांचे विश्लेषण करते आणि तयार तक्ते माझ्या टेबलावर येतात. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली सादर होणाऱ्या अहवालांतील बरीच प्रकरणे याच पद्धतीने लिहिली जातात. अशा अहवालांसाठी तज्ज्ञ म्हणून मान्यता देताना शिक्षण आणि अनुभव दोन्ही तपासले जातात, आणि प्रयोगशाळांना लागू असलेल्या आयएसओ 17025 या मानकाच्या 2017 च्या आवृत्तीतही कर्मचाऱ्यांच्या सक्षमतेची व प्रशिक्षणाची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे आमच्या व्यवसायात प्रशिक्षणांना तोटा नाही. मात्र त्यांतील बहुसंख्य प्रशिक्षणे वातानुकूलित सभागृहात सुरू होतात आणि तिथेच संपतात. मला खाडीच्या चिखलात उतरवणारे प्रशिक्षण हवे होते. खाडी आणि कांदळवन यांच्या क्षेत्रीय अभ्यासपद्धतींवरचा एक अभ्यासवर्ग ऐरोलीत होणार असल्याचे कळल्यावर मी संस्थेचे शिफारसपत्र जोडून अर्ज केला.

निवड झालेल्यांची यादी पाहिली तेव्हाच हा वर्ग वेगळा असल्याची जाणीव झाली. सल्लागार संस्थांतील आम्ही काही जण होतो, प्रयोगशाळांतील रसायनतज्ज्ञ होते, एका महापालिकेच्या पर्यावरण विभागातील अभियंता होत्या, पीएच.डी. करणारे विद्यार्थी होते आणि कांदळवनांचे रक्षण करणारे वनरक्षक व वनपालही होते. एरवी या मंडळींची गाठ पडते ती सुनावणीत किंवा स्थळपाहणीत, आणि तीही समोरासमोरच्या खुर्च्यांवर. इथे प्रत्येक गटात सर्व प्रकारचे लोक मुद्दाम मिसळलेले होते. आयोजकांचा हा निर्णय मला संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा वाटतो.

जागेची निवडही अचूक होती. ठाणे खाडीच्या एका काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि दुसऱ्या काठावर ऐरोली, घणसोली, वाशी अशी दाट वस्ती आहे. नवी मुंबईच्या बाजूला ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा उभा आहे. या दोन काठांमधील सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. रामसर क्षेत्राचा विस्तार साडेसहा हजार हेक्टरांच्या आसपास आहे. सांडपाणी, भराव, पूल, मासेमारी, स्थलांतरित पक्षी आणि कायद्याचे संरक्षण हे सर्व इतक्या थोड्या अंतरात एकत्र सापडणारी दुसरी प्रयोगभूमी आपल्याकडे क्वचितच असेल.

कायद्यांवरील व्याख्याने व्यवस्थित झाली. 2019 ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना, हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ठेवायचे 50 मीटरचे संरक्षक क्षेत्र, कांदळवनांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने 2005 आणि 2018 मध्ये दिलेले आदेश, हे विषय आमच्यापैकी अनेकांना रोजच्या कामामुळे परिचयाचे होते. खरे शिक्षण पाण्यापासून सुरू झाले.

पहिल्या क्षेत्रभेटीआधी प्रशिक्षकांनी आम्हाला नमुना बाटल्या दिल्या नाहीत, भरती-ओहोटीचे कोष्टक दिले. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे फळ्यावर समजावून झाले. त्यानंतर आमच्यासोबत येणाऱ्या कोळी नाखव्यांनी त्यांचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीत जितके आत जावे तितका पाणी पोहोचायला होणारा उशीर त्यात मिळवावा लागतो, आणि तो उशीर प्रत्येक गावच्या माणसाला आपापल्या काठापुरता ठाऊक असतो. कोष्टकातील वेळ आणि नाखव्यांनी सांगितलेली वेळ आम्ही शेजारी शेजारी लिहिली. क्षेत्रीय कामाचा दिवस ठरवण्यासाठी दोन्हींचा उपयोग होतो, आणि मोबाइलचे नेटवर्क नसलेल्या ठिकाणी दुसरा हिशेबच कामी येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांग यांत पाण्याच्या पातळीचा फरक इतका मोठा असतो, की उधाणाच्या ओहोटीला जिथे पायी चालता येते तिथे भांगेच्या दिवसांत होडी लागते.

भरतीचा पाण्याच्या गुणवत्तेशी काय संबंध, हे विरघळलेल्या प्राणवायूच्या प्रयोगाने दाखवून दिले. 300 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून, बुडबुडा राहू न देता, पाणी ओसंडेपर्यंत भरायचे. मग पृष्ठभागाखाली मँगॅनीज सल्फेट आणि त्यानंतर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढरा राहतो. हा प्रयोग मी महाविद्यालयात केला होता, पण नळाच्या पाण्यावर. इथे एकाच धक्क्यावरून ओहोटीच्या तळाला आणि पुन्हा भरती भरल्यावर अशा दोन बाटल्या भरल्या. पहिल्या बाटलीतील साका फिकट पिवळसर होता आणि दुसरीतील गडद तपकिरी. अनुमापनाचा, म्हणजे पुढच्या रासायनिक मोजणीचा, आकडा हातात येण्यापूर्वीच पाण्यातला फरक डोळ्यांनी दिसत होता. ओहोटीला त्या धक्क्यापाशी नाल्यांतून आलेले सांडपाणी मुख्यतः उरते, आणि भरतीला समुद्राकडचे पाणी येऊन त्याला पातळ करते. अहवालाच्या तक्त्यात ‘ठाणे खाडी, ऐरोली’ एवढेच लिहून यांपैकी कोणताही एक आकडा दिला, तर तो खोटा ठरणार नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून खाडीची स्थितीही समजणार नाही.

याच सत्रात क्षारतेचा मुद्दा आला आणि त्यावर प्रशिक्षकांनी पुरेसा वेळ दिला, याचे मला समाधान आहे. 30 अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 7.5 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात मात्र 6.2 मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. म्हणून स्नानयोग्य किनारी पाण्याच्या एसडब्ल्यू-2 या वर्गासाठी केंद्रीय निकषांत 4 मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (त्या पाण्यात मावू शकणाऱ्या कमाल प्राणवायूच्या) 50 टक्के, असा दुहेरी उल्लेख आहे. क्षारता आणि तापमान नोंदवलेले नसेल, तर संपृक्ततेची टक्केवारी काढताच येत नाही. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे, सेंद्रिय प्रदूषण मोजणाऱ्या रासायनिक प्राणवायू मागणीच्या चाचणीतही अडथळा येतो, हे प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी त्यांच्या अनुभवातून सांगितले. नमुना खाडीचा आहे हे बाटलीवर लिहिलेले नसेल, तर तो नदीच्या नमुन्यांसारखाच तपासला जातो आणि आकडा विनाकारण फुगतो. रसायनतज्ज्ञांनी हे सांगितले तेव्हा नमुने गोळा करणारी मंडळी समोरच बसलेली होती, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत काय काय असावे हे दोन्ही बाजूंनी त्याच दुपारी मिळून ठरवले.

कांदळवनातील काम अंगमेहनतीचे होते. ठाणे खाडीत तिवराचे प्राबल्य आहे. जोडीला चिप्पी, हुरा, मारांडी आढळतात, आणि आधारमुळांचा पसारा असलेला खरा कांदळ त्या मानाने थोडा. दहा मीटर बाय दहा मीटरचा क्वाड्रॅट दोरीने आखायचा, त्यातील प्रत्येक झाडाचा जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवरचा घेर मोजायचा, रोपांसाठी आत लहान चौकोन घ्यायचे आणि एका चौरस मीटरमध्ये वर आलेली श्वसनमुळे मोजायची. कांदळाच्या बाबतीत घेर सर्वांत वरच्या आधारमुळाच्या 30 सेंटिमीटर वर घेतात. गुडघाभर चिखलात श्वसनमुळे न मोडता चालणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि वनरक्षकांनी ते आम्हाला पावले कशी टाकायची हे दाखवून शिकवले.

आमच्या क्वाड्रॅटमध्ये तिवराची खोडे बारीक आणि संख्येने पुष्कळ होती. हे तरुण, दाट आणि चांगले वाढणारे वन आहे, असा निष्कर्ष गटातील एका विद्यार्थ्याने वहीत लिहायला घेतला होता. आमच्या गटातील ज्येष्ठ वनरक्षकांनी वाकून एका झुपक्याच्या बुंध्याशी साचलेला गाळ हाताने बाजूला केला. खाली जाड, जुना, कुऱ्हाडीने तोडलेला खुंट होता आणि सगळी बारीक खोडे त्याच्यातून फुटलेली होती. पुढच्या झुपक्यातही तेच निघाले. सरपणासाठी इथे अनेक वर्षांपूर्वी तोड झाली होती, नंतर गस्त वाढल्यावर ती थांबली आणि खुंटांना धुमारे आले, असे त्यांनी सांगितले. तिवर तोडल्यावर पुन्हा फुटतो, कांदळ सहसा फुटत नाही; त्यामुळे तोड झालेल्या पट्ट्यात तिवर टिकतो आणि कांदळ नाहीसा होतो, हेही त्यांनी त्याच वेळी दाखवून दिले. खाडीच्या या भागात तिवराचे प्रमाण इतके का, याचे एक कारण त्या खुंटात होते. क्षारता आणि प्रदूषण सहन करण्याची तिवराची क्षमता हे दुसरे कारण आम्हाला पुस्तकातून माहीत होते, पण पहिले कारण कोणत्याही तक्त्यात येत नाही.

त्या संध्याकाळी वर्गात परतल्यावर याच क्वाड्रॅटच्या नोंदींवरून कार्बनसाठ्याचे गणित करायचे होते. खारफुटीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात जमिनीवरील जैवभार हा व्यासाच्या 2.46 व्या घातावर अवलंबून असतो. याचा अर्थ, 20 सेंटिमीटर व्यासाच्या एका खोडाचा भार 10 सेंटिमीटरच्या खोडाच्या साडेपाच पट येतो. एका खुंटातून फुटलेली 10 सेंटिमीटरची चार खोडे असतील आणि कोणी त्यांचे क्षेत्रफळ एकत्र करून 20 सेंटिमीटरचे एक झाड म्हणून नोंदवले, तर जैवभार 37 टक्क्यांहून अधिक वाढून येईल. म्हणून 1.3 मीटरच्या खाली दुभंगणारे प्रत्येक खोड स्वतंत्र मोजायचे आणि ती एकाच खुंटाची आहेत हेही वेगळ्या रकान्यात लिहायचे, हा नियम आम्ही सर्वांनी मनोमन स्वीकारला. निळ्या कार्बनचे, म्हणजे कांदळवनांसारख्या किनारी परिसंस्थांत साठणाऱ्या कार्बनचे, प्रकल्प आता मोठ्या अपेक्षेने आखले जात आहेत. त्यांच्या गणिताचा पाया मोजपट्टी धरणाऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि त्या माणसाच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च मला अजूनही फार तोकडा वाटतो.

उपग्रह प्रतिमांचे सत्र संगणकावर झाले. क्यूजीआयएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटर विभेदनाच्या प्रतिमा यांवर आम्ही वनाच्छादनाच्या सीमा आखल्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन 324 चौरस किलोमीटर दिले आहे, परंतु त्या नकाशांत एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे धरले जात नाहीत. ऐरोली-घणसोलीच्या नाल्यांकाठी असे अरुंद पट्टे बरेच आहेत, आणि नेमक्या त्यांच्यावरच भराव पडतो. या सत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त भाग अक्षांश-रेखांश लिहिण्याचा होता. अंश-मिनिट-सेकंदांत 19°09'30" असलेली जागा कोणी 19.0930 अशी दशांशात उतरवली, तर ती सात किलोमीटरहून अधिक दक्षिणेला सरकते, म्हणजे ऐरोलीतील भराव कोपरखैरणेच्या बाजूला जाऊन पडतो. वनरक्षकांच्या पंचनाम्यात असा घोळ झाला तर न्यायालयात प्रकरण उभे राहत नाही. त्यांना हा भाग शिकवताना प्रशिक्षकांनी प्रत्यक्ष पंचनाम्याचा नमुना घेतला, आणि आम्हा अहवाल लिहिणाऱ्यांनाही तोच सोडवायला लावला.

पक्ष्यांच्या गणनेचा दिवस सर्वांना हवाहवासा होता. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढ्याच जागेचा अंदाज घेत शंभराचा गट नजरेत बसवायचा आणि तो गट थव्यावर सरकवत जायचे, ही पद्धत छायाचित्रांवर सराव करून शिकवली. मोठा थवा असला की बहुतेकांचा अंदाज कमी पडतो, हे छायाचित्रांतील मोजणीशी ताडून पाहताना दिसले. गडद लालसर चोचीचा लहान रोहित (फ्लेमिंगो) आणि गुलाबी चोचीला काळे टोक असलेला मोठा रोहित दुर्बिणीतून वेगळे ओळखता येऊ लागले. पण इथेही प्रश्न पुन्हा भरतीवर येऊन थांबला. ओहोटीला रोहित पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर खाद्य शोधत पसरतात, आणि भरती चढली की नेरूळच्या पाणथळ जागांकडे जातात. खाडीत होडीतून आणि नेरूळच्या काठावरून वेगवेगळ्या वेळी केलेल्या मोजणीची बेरीज केली, तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. नेरूळला फक्त ओहोटीच्या वेळी गेलेल्या पाहणीदाराला ती जागा पक्ष्यांच्या उपयोगाची नाही असे वाटेल, आणि तसे लिहिलेला अहवाल त्या जागेवरील बांधकामासाठी पुरावा होईल. यावर आमची चर्चा लांबली, आणि ती लांबू दिली गेली.

अभ्यासक्रमाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत, आणि त्या मी अभिप्रायपत्रात लिहिल्या. शेवटची परीक्षा पर्यायी उत्तरांची होती; चिखलात शिकवलेल्या गोष्टी कागदावरच्या चार पर्यायांतून तपासता येत नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून एक क्वाड्रॅट आणि एक प्राणवायूची बाटली स्वतंत्रपणे करून घेणे अवघड नव्हते. दुसरे, व्याख्याने मराठीत झाली तरी छापील टिपणे फक्त इंग्रजीत होती. ज्या वनरक्षकांना या पद्धती रोज वापरायच्या आहेत त्यांच्यासाठी ही गैरसोय गंभीर आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संपूर्ण प्रशिक्षण उन्हाळ्यात झाले. प्रकल्पांच्या अहवालांसाठीही सामान्यतः पावसाळा वगळून एकाच ऋतूची माहिती मागितली जाते. पण पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातील क्षारता कोसळते, चिखलातील कृमी-शिंपल्यांची घडण बदलते, रोहित पक्षी निघून गेलेले असतात आणि किनाऱ्यावरचे सांडपाणी पावसाच्या लोंढ्यासोबत येते. ज्याने खाडी फक्त उन्हाळ्यात मोजली आहे, त्याला पावसाळ्यातील आकडा समोर आल्यावर तो विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणे कठीण जाईल.

प्रशिक्षण संपवून आल्यावर आमच्या कार्यालयात क्षेत्रीय नोंदीचा कागद मी नव्याने तयार केला. त्यात आता तिथी, भरतीची स्थिती, पाण्याचे तापमान, क्षारता, साक्याचा रंग आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे रकाने आहेत. वनस्पतींच्या तक्त्यात ‘खुंटातून फुटलेले’ हा रकाना वाढवला आहे. क्षेत्रीय सहायकांना सुरुवातीला हे काम वाढल्यासारखे वाटले, म्हणून त्यांना घेऊन मी ऐरोलीच्या धक्क्यावर दोन्ही वेळच्या बाटल्या पुन्हा भरल्या. एका प्रकल्पाच्या अहवालात प्राणवायूचे दोन वेगवेगळे आकडे का दिले, असे संबंधितांनी विचारले तेव्हा कागदच पुढे ठेवता आला, आणि दोन्ही आकडे भरतीच्या वेळेसह अहवालात राहिले.

आयोजकांना मी पुढच्या तुकडीसाठी मे आणि ऑगस्ट अशा दोन फेऱ्या ठेवण्याची विनंती केली आहे, आणि ती विचाराधीन असल्याचे त्यांनी कळवले आहे. मराठी टिपणांचे काम मात्र तोवर थांबवण्याचे कारण नव्हते. आमच्या गटातील वनरक्षक, दोन रसायनतज्ज्ञ आणि मी मिळून ती लिहीत आहोत. पाण्याच्या नमुन्यांचा भाग लिहून झाला आहे, आणि तोडलेल्या खुंटांवरून वनाचा इतिहास कसा वाचावा हे प्रकरण वनरक्षक स्वतः लिहीत आहेत.